भाऊ मिक्सिंगवाले

तालुक्याच्या गावात एसटी स्टँडकडून बाजारपेठेत शिरलं की फोटो फ्रेमिंगच्या एखाद्या दुकानाच्या कडेनं लोखंडी जिना वर जातो. जिना संपतो तिथं काळ्या काचेचं दार आणि दारावर पाटी : 'चपला बाहेर काढाव्यात. आत रेंडरिंग चालू आहे.' चपलांचा आणि रेंडरिंगचा संबंध काय, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. दार ढकललं की आत भाऊ बसलेले असतात. गाव कराड असो, फलटण असो नाहीतर बार्शी. भाऊंच्या जागी कुठं अण्णा असतील, कुठं आप्पा, पण दार काळ्याच काचेचं आणि आतला माणूस तोच.

लग्नाचं शूटिंग करणारी पोरं आता गल्लोगल्ली आहेत. पण त्यांनी दोन-तीन कॅमेऱ्यांत, एका ड्रोनमध्ये आणि नवरदेवाच्या मित्रांच्या मोबाइलमध्ये भरून आणलेला डाटा घ्यायचा आणि त्यातून साखरपुडा ते गृहप्रवेश असा सलग, गाण्यांनी भरलेला व्हिडिओ काढून द्यायचा, हे काम वेगळं. त्याला मिक्सिंग म्हणतात, आणि मिक्सिंग करणारा माणूस लग्नात कधीच नसतो. भाऊंनी तालुक्यातली शेकड्यानं लग्नं पाहिली आहेत. जेवलेत फार थोड्यांत. बाजारात समोरून येणारी बाई कुठल्या लग्नात रुसून बसली होती, कुठल्या वरातीत तिनं फेटा बांधला होता, हे भाऊंना पाठ असतं. ती बाई भाऊंना ओळखत नाही. एखादे वेळी भाऊ ओळखीचं हसतात आणि बाई पदर सावरून रस्ता ओलांडते.

खोलीत एसी अठरावर असतो. तो भाऊंसाठी नाही, मशीनसाठी. बाहेर मे महिन्याचं ऊन माणसाला भाजून काढत असताना भाऊ आत स्वेटर आणि कानटोपी घालून बसतात. दिवस-रात्र त्यांना कळत नाही. वेळ ते घड्याळात मोजत नाहीत, टक्क्यांत मोजतात. घरून फोन येतो, "जेवायला कधी येताय?" भाऊ स्क्रीनकडे बघून सांगतात, "त्र्याण्णव झालेत." वहिनींनाही आता ही भाषा अंगवळणी पडली आहे. शहाण्णवला त्या तवा चढवतात.

भाऊंच्या तोंडी दिवसाकाठी सर्वांत जास्त वेळा येणारं वाक्य म्हणजे "रेंडरला टाकलाय." म्हणजे जोडलेल्या तुकड्यांची अखेरची फाइल मशीन काढतंय. हे वाक्य कुणाला खोडून काढता येत नाही. पार्टीचा फोन आला, 'झाला का व्हिडिओ?' रेंडरला टाकलाय. प्रत्यक्षात त्या लग्नाचा डाटा अजून मेमरी कार्डातून बाहेरही आलेला नसतो. लग्नसराईत एकाच वेळी वीस लग्नं भाऊंच्या तोंडून रेंडरला असतात आणि मशीन एक असतं.

मशीनवर त्यांची श्रद्धा आहे. खंडेनवमीला कीबोर्डवर हळदकुंकू पडतं, सीपीयूला झेंडूचा हार घातला जातो आणि ग्राफिक कार्डापुढं नारळ फुटतो. एका वर्षी त्यातलं थोडं पाणी आत गेलं. त्याची चर्चा खोलीत होत नाही.

भाऊंचा खरा अंमल सुरू होतो तो तक्रार आल्यावर. लग्नाला दोन-तीन महिने झालेले असतात, व्हिडिओ देऊन आठवडा. वरपिते जिना चढून येतात, चपला काढतात, खुर्चीत बसतात आणि आधी बाकीचं कौतुक करतात. गाणी चांगली टाकलीत. आमच्या मेव्हण्याला चांगलं दाखवलंत. मग घसा खाकरून :

"पण भाऊ, क्वालिटी आली नाही."

ह्या वाक्यावर भाऊ चिडत नाहीत. ते दोन चहा सांगतात. खाली हाक जाते, चहा येतो, आणि मग भाऊ पहिला प्रश्न टाकतात :

"बघितलात कुठं?"

"कुठं म्हणजे? मोबाइलवर."

"मोबाइलमध्ये आला कसा?"

"पुण्याच्या भाच्यानं पाठवला की व्हॉट्सअ‍ॅपला."

"भाच्याला कुणी दिला?"

"त्याला आमच्या जावयांनी पाठवला हुता."

भाऊ डोळे मिटतात. चार दिवस मशीन तापवून काढलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपनं दोनदा पिळून काढलेला असतो. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याचा आकार कमी करतं, चित्र बारीक करतं, डाटा तोडतं. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते, २०२२ पासून २ जीबीपर्यंत. हे भाऊ समजावून सांगतात. वरपिते मान डोलावतात आणि विचारतात, "मग तुम्हीच का नाही पाठवत चांगल्या क्वालिटीत?"

ह्यापुढची पायरी म्हणजे घरभेट. भाऊ स्वतःची पेनड्राइव्ह खिशात टाकून पार्टीच्या घरी जातात. दिवाणखान्यात पंचावन्न इंची टीव्ही, त्यावर क्रोशाचं झाकण, पुढं सगळं घर बसलेलं. टीव्ही दुकानातून आणल्यापासून 'व्हिविड' वर. रंग इतके भडक की नवरीच्या हळदीचा पिवळा रंग भिंतीवर सांडायला आलेला. शार्पनेस शंभरावर, त्यामुळं प्रत्येक माणसाच्या कडेला पांढरी रेघ, आणि वर मोशन स्मूदिंग चालू, म्हणजे टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनानं तिसरं चित्र घालतो. भाऊ रिमोट मागून घेतात. मेन्यूत शिरून शार्पनेस खाली आणतात, स्मूदिंग बंद करतात, रंग 'स्टँडर्ड' वर नेतात. चित्र खरोखर सुधारतं. तेवढ्यात कोपऱ्यातले आजोबा म्हणतात, "आता रंगच गेला की ओ सगळा." घर आजोबांच्या बाजूनं मत देतं. भाऊ सगळं पुन्हा होतं तसं करून, पोहे खाऊन परत येतात.

आता कुणाला वाटेल की भाऊ म्हणजे उगीच सबबी सांगणारा माणूस. तसं नाही. चित्र कुठं बिघडलं हे त्यांना वास घेतल्यासारखं कळतं, आणि हे ज्ञान त्यांनी फार जुन्या काळापासून अंगावर घेतलेलं आहे. त्यांनी सुरुवात केली तेव्हा खांद्यावरचे व्हीएचएस कॅमेरे होते आणि पॅनासॉनिकचा एमएक्स-५० मिक्सर, ज्याच्यावर नवरा-नवरीला बदामात बसवायची सोय होती. कॅसेटवरून कॅसेट उतरवायची, आणि प्रत्येक उतरवणीला चित्र थोडं मरायचं. मुळात व्हीएचएसमध्ये आडव्या रेषा मोजून दोनशे चाळीसच्या आसपास. त्यातून मास्टर, मास्टरची कॉपी, कॉपीची कॉपी. मास्टर मुलाकडचे नेत. कॉपीची कॉपी मुलीकडच्यांना जायची. ही व्यवस्था भाऊंनी ठरवली नव्हती, ती लग्नाच्या यादीतच ठरायची, पण 'क्वालिटी आली नाही' ही तक्रार त्या काळात मुलीकडच्यांनी कधी केली नाही हे भाऊ अजून सांगतात, आणि सांगताना आवाज थोडा खाली आणतात.

मग डीव्ही टेप आली, सोनीचा पीडी-१७० आला, जपानच्या कॅनोपस कंपनीचं एडियस हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर आलं. एडियस हे भाऊंचं पहिलं आणि शेवटचं प्रेम. बाकीच्या जगानं दुसरी सॉफ्टवेअरं घेतली, भाऊंच्या हाताखालच्या पोरानंही घेतलं, पण भाऊ म्हणतात एडियस 'पळतं'. ह्याच काळात त्यांची आणि इंटरलेसिंगची गाठ पडली. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, म्हणजे दोन फील्डांत, यायचं : एकदा विषम रेषा, एकदा सम. त्यात डीव्ही टेपला खालच्या रेषा आधी लागत आणि पुढं आलेल्या एचडीव्हीला वरच्या. एका कॅमेऱ्यात डीव्ही, दुसऱ्यात एचडीव्ही, आणि रेंडर करताना फील्डचा क्रम चुकला, की स्थिर माणसं ठीक दिसत. हललेला माणूस मात्र प्रत्येक पावलाला अर्धं पाऊल मागं येई. एका वरातीत घोडा तासभर पुढं निघालाय की परत चाललाय हे कुणालाच कळेना. नवरदेवाच्या वडिलांनी ते शकुन-अपशकुनाच्या बाजूनं घेतलं. भाऊंनी एका मेन्यूत 'लोअर'चं 'अप्पर' केलं आणि घोडा सरळ मांडवात गेला.

डीव्हीडीच्या काळातलं भाऊंचं दुखणं गणिताचं होतं. एका तबकडीत मावतात ४.७ जीबी. नियमाप्रमाणं चित्राला सेकंदाला ९.८ मेगाबिटपर्यंत देता येतात, आणि तासाभराचं लग्न असेल तर तेवढे जवळजवळ देताही येतात. पण लग्न तासाभराचं नसतं. तीन तासांचं लग्न त्याच तबकडीत कोंबलं की आवाजासकट साडेतीन मेगाबिटच्या आत बसवावं लागतं. भाऊ म्हणत, दोन तबकड्या करू. पार्टी म्हणे, "दोन नकोत हो, पाहुण्यांना वाटायच्यात." मग विचारायचं, कमी काय करू? देवक काढू? हळद काढू? पार्टी आत जाऊन घरात विचारून येई आणि सांगे : काही काढू नका, उलट आत्यांच्या ओटीभरणाचं तेवढं राहिलंय ते घाला. आणि क्वालिटी चांगली ठेवा.

पण भाऊंचं आयुष्यभराचं वैर आहे ते अक्षतांशी.

हे नीट सांगायला हवं, कारण सगळ्या मिक्सिंगवाल्यांचं ते समान दुःख आहे आणि बाहेर कुणाला माहीत नाही. फुल एचडीचं चित्र काही न दाबता तसंच ठेवायचं म्हटलं, तर सेकंदाला साधारण ६२२ मेगाबिट लागतात. पार्टीला देतात त्या फाइलीत असतात आठ-दहा. म्हणजे साठ ते ऐंशी भागांतला एक भाग ठेवायचा आणि बाकीचं मशीननं अंदाजानं भरायचं. ते कसं करतं? एच.२६४ सारखी पद्धत मधूनमधून एक चित्र पूर्ण लिहून ठेवते. मधल्या चित्रांचं फक्त काय हललं, किती सरकलं एवढंच लिहिते. नवरा-नवरी स्टेजवरच्या खुर्च्यांत बसली आहेत, पाहुणे येऊन पाकीट देऊन जाताहेत. मागचा पडदा तसाच, खुर्च्या तशाच, नवरदेवाचा चेहरा तर दोन तास तसाच. लिहायला काही नाही. मशीन सुखात असतं.

आणि मग मंगलाष्टकं संपत येतात. 'सावधान' झालं की पाचशे माणसं एकदम हात उचलतात. हवेत हजारो तांदूळ. प्रत्येक दाणा वेगळा उडतोय, एकाही दाण्याचा मागच्या चित्रातल्या दाण्याशी संबंध लावता येत नाही, वर वाजंत्री, मागं एलईडी भिंतीवर चमकणारा गणपती, दोन्ही बाजूंनी कोल्ड पायरोचे फवारे आणि हौशी मालकानं सोडलेला धूर. आठ मेगाबिटमध्ये हे लिहायचं कसं? मशीन हात टेकतं. बारीकसारीक सगळं सोडून देतं आणि मोठे मोठे चौकोन भरून मोकळं होतं. ज्या क्षणासाठी मांडव घातला, कर्ज काढलं, गाव जेवायला घातलं, नेमक्या त्या क्षणी नवरा-नवरीचे दहा-बारा चौकोन झालेले असतात. पार्टीच्या भाषेत 'व्हिडिओ फाटला'.

"वाढप्यानं प्रत्येक पानावर एकच पळी वाढायची असं ठरवल्यावर पैलवान उपाशी उठणारच," हे भाऊंचं त्यावरचं भाष्य. पळी सारखी म्हणजे ठरावीक बिटरेट : हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या चित्राला सारखाच वाटा. त्याऐवजी बदलता बिटरेट ठेवून दोन फेऱ्यांत रेंडर करता येतं. पहिल्या फेरीत मशीन सगळं लग्न नुसतं बघून घेतं, कुठं निवांत आहे, कुठं गर्दी आहे. दुसऱ्या फेरीत पाकिटांच्या प्रसंगातून वाचवलेलं अक्षतांवर खर्च करतं. वेळ मात्र दुपटीच्या घरात जातो. तेवढ्या काळात भाऊंचं 'रेंडरला टाकलाय' हे खरं असतं.

ह्या वैराचे पडसाद खाजगी जीवनातही उमटले. पुतणीच्या लग्नात अक्षता वाटायचं काम भाऊंनी हट्टानं स्वतःकडे घेतलं, आणि परडी घेऊन फिरताना प्रत्येकाच्या तळव्यावर मोजून चार दाणे ठेवले. पाहुण्यांनी ते कंजूषपणात धरलं. पुढं अन्नाची नासाडी नको म्हणून अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या टाकायची टूम निघाली, तेव्हा भाऊंनी तिला जाहीर पाठिंबा दिला. लोकांना वाटलं माणूस सुधारक आहे. कारण एवढंच होतं की पाकळी दाण्यापेक्षा मोठी असते.

दुसऱ्याच्या चुकीचं निदान इतकं अचूक करणारा हा माणूस स्वतःच्या मशीनवर चित्र बिघडलं की मात्र पार हरवतो. तेव्हा त्याचा संशय सगळ्या जगावर जातो. आधी ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर. तो काढून परत टाकायचा. मग रॅम. सीपीयूचं झाकण उघडून रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्टीवर शाळेचा खोडरबर घासायचा, फुंकर मारायची आणि 'बजरंगबली की' असं पुटपुटत परत बसवायची. मग केबल, मग यूपीएस, मग वीज कमी दाबानं येते ही शंका. तरीही जमलं नाही की 'विंडोज मारून घेऊ'. विंडोज नव्यानं मारण्यात एक दिवस जातो, सगळे प्लगइन परत टाकण्यात दुसरा. तिसऱ्या दिवशी चित्र तसंच असतं, पण मधल्या काळात काहीतरी केल्याचं समाधान असतं.

आणि सर्वांत शेवटचा, ठेवणीतला उपाय : बिटरेट वाढवा. भाऊंचा बिटरेटवर जसा विश्वास आहे तसा कुणाचा कशावर नसेल. चित्र धूसर? बिटरेट वाढव. रंग फिका? वाढव. आवाज मागंपुढं? वाढवून तर बघ. मुलीच्या मावशीनं व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली, टपाल तिकिटाएवढी क्लिप भाऊंनी एकदा ५० मेगाबिटला रेंडर केली. आता, जे कॅमेऱ्यातून आलंच नाही किंवा वाटेत गळून पडलं ते आकडा वाढवून परत येत नाही. खराब चित्र ५० मेगाबिटला काढलं तर खराबपणाची उत्तम प्रत मिळते, एवढाच फायदा. हे भाऊंना माहीत नाही असं नाही. हेच ते पार्टीला आडपडदा न ठेवता सांगतात. पण स्वतःचा हात त्या आकड्याकडे गेल्याशिवाय राहत नाही. आकडा वाढवला की फाइल मोठी होते, आणि मोठी फाइल पेनड्राइव्हवर भरताना पार्टीच्या चेहऱ्यावर जो आदर दिसतो तो भाऊंना आवडतो.

नवं ग्राफिक कार्ड घेतल्यावरची हकीकत तर सांगायलाच हवी. साखर कारखान्याच्या एका संचालकाकडचं लग्न, चार कॅमेरे, सगळं फोर-के. हाताखालच्या पोरानं ते डाविंची रिझॉल्व्ह ह्या त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलं, कारण एडियसमध्ये भाऊ त्याला हात लावू देत नाहीत. असल्या तीन तासांच्या व्हिडिओला मशीन एरवी रात्रभर घेतं. त्या दिवशी संध्याकाळी रेंडरला टाकला आणि वहिनींनी तवा चढवायच्या आत शंभर टक्के झाले. भाऊ उभे राहिले. त्यांनी नव्या कार्डाला हात लावून नमस्कार केला, खालच्या फ्रेमिंगवाल्यालाही वर बोलावून दाखवलं, आणि पैसे टाकले तर मशीन कसं पळतं ह्यावर आम्हा सगळ्यांना भज्यांची पार्टी दिली.

चौथ्या दिवशी संचालकांचा माणूस आला. क्वालिटी आली नाही.

ह्या वेळी व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. टीव्हीही शहाणा निघाला. चित्र खरोखरच धूसर होतं. पैठणीवरचा मोर आहे की बदक ते कळत नव्हतं. भाऊंनी ड्रायव्हर काढला. रॅम घासली. कार्ड दुकानदाराकडे नेऊन 'पीस खराब दिलास' म्हणून भांडून आले. शूटिंगवाल्याला फोन करून लेन्स पुसली होती का विचारलं आणि त्याचा अपमान केला. विंडोज मारली. बिटरेट शंभरावर नेला. धूसर चित्र शंभर मेगाबिटला अधिकच ठामपणे धूसर दिसू लागलं.

पोरगा हे सगळं मागं उभं राहून बघत होता. त्याला कारण पहिल्याच दिवशी सुचलं होतं, पण भाऊ रॅम घासत असताना मध्ये बोलायची त्या खोलीत पद्धत नाही. शेवटी चहाच्या वेळी तो हळूच म्हणाला, "भाऊ, प्रॉक्सी तर चालू नाही ना राहिली?"

फोर-केचा जड डाटा मशीनला झेपत नाही, म्हणून एडिटिंगपुरत्या त्याच्या हलक्या नकला करून घेतात. चौथाई मापाची नक्कल म्हणजे ३८४० बाय २१६० ऐवजी ९६० बाय ५४०. काम नकलेवर करायचं आणि रेंडर मात्र मूळ डाटावरून काढायचं, हा नियम. पोरानं मध्ये कधीतरी संचालकांना घाईघाईनं नमुना पाठवायचा म्हणून डिलिव्हरच्या पानावर 'प्रॉक्सी वापरा' ह्या चौकोनात टिक केली होती, आणि ती तशीच राहिली होती. मशीननं सांगितलं तेच केलं : छोटी नक्कल घेतली, ताणून फोर-के केली आणि जेवायच्या आत काम संपवलं. टिक काढून परत रेंडरला टाकला. रात्रभर लागली. सकाळी पैठणीवर मोर होता.

भाऊ पोराला रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "कार्ड चांगलंय आपलं. मी म्हणत हुतो." दुकानदाराकडे ते त्यानंतर बरेच दिवस फिरकले नाहीत.

अलीकडे भाऊंच्या पुढं येणारे रोग नवे आहेत. २०२० च्या आयफोन १२ पासून तो फोन आपण होऊन एचडीआरमध्ये व्हिडिओ काढतो. तो साध्या टाइमलाइनवर नीट न बदलता टाकला की करवल्यांचे चेहरे ट्यूबलाइटसारखे पांढरे पडतात. मोबाइल सेकंदाला तीसच्या आसपास चित्रं काढतो, तीही मनाला येईल तशी कमी-जास्त. ती पंचवीसच्या टाइमलाइनवर घेतली की प्रत्येक सेकंदाला पाच चित्रं गळतात आणि नवरी गचके खात चालते. कुणी शटर साठाला ठेवून शूट करतो. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून कार्यालयातल्या दिव्यांचे पट्टे चित्रावरून सरकत राहतात. ते रेंडरमध्ये जात नाहीत, कितीही बिटरेट वाढवा. आणि स्लो मोशन. पंचवीस चित्रांत काढलेली वरमाला चौपट मंद करून मागतात. मधली चित्रं मशीननं कल्पनेनं भरली, की नवरीच्या बांगड्या मनगटात विरघळतात आणि हाराचं एक फूल नवरदेवाच्या कानातून बाहेर येतं. भाऊंनी ते एकदा तसंच दिलं. पार्टीला ते इफेक्ट वाटलं.

'सिनेमॅटिक' ह्या प्रकाराबद्दल भाऊंचं मत स्पष्ट आहे. त्यात नवरीचे डोळे असतात, पैंजण असतात, धुक्यातलं गाव असतं, आणि आलेला एकही पाहुणा नसतो. "उद्या आत्या विचारणार, मी कुठाय? तिला काय ड्रोन दाखवू?" माझं मत विचाराल तर भाऊंच्या बाजूनं. लग्नाचा व्हिडिओ दहा वर्षांनी उघडतात तो प्रकाशाचे खेळ बघायला नाही. त्यात गेलेली माणसं शोधायला. ती पंगतीत बसलेली, तोंडात घास घेतलेली सापडतात, आणि ते शूटिंग कुणाच्या नजरेत भरण्यासारखं नसतं. भाऊ ते कधी कापत नाहीत. लांबी वाढते, बिटरेट कमी पडतो, कोपऱ्यातले चेहरे थोडे फाटतात. असू द्या म्हणतात.

तेव्हा तुमच्या घरी लग्न निघालं असेल तर भाऊंकडे जाताना एवढं ध्यानात धरा. पेनड्राइव्ह एक्सएफॅट करून न्या. जुन्या एफएटी-३२ मध्ये ४ जीबीवरची फाइल मावत नाही, आणि भाऊ मग तिचे तुकडे करून देतात. मावशीकडच्या क्लिपा व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या मागवू नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा. व्हिडिओला क्वालिटी आली नाही असं वाटलं तर आधी टीव्हीचा रिमोट हातात घ्या, मग जिना चढा. अक्षता बेतानं टाका. आणि मूळ डाटाची एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर ठेवाच, कारण पुढची लग्नसराई लागली की भाऊ जागेसाठी मागच्या वर्षीची सगळी लग्नं उडवतात.